हेंद्रे वेनची चूल

शरदाचे सोनसळी ऊन वेल्सच्या डोंगरांवरून हलके हलके उतरले. ताम्रवर्णी नेचे उजळले, मेंढ्यांच्या लोकरीवरचे दव लखलखले, आणि दरीच्या तळाशी ते पांढरे दगडी घर प्रकाशात न्हाले. हेंद्रे वेन! शुभ्र घर, हिवाळ्यातले घर, वेल्श भाषेचे घर.

कधीकाळी शाळेत वेल्श शब्द उच्चारणाऱ्या लेकरांच्या गळ्यात लाकडी फळी अडकवीत, वर छडीही मारीत. सांजावता तीच लेकरे ह्या घरातल्या चुलीभोवती जमत आणि निषिद्ध भाषेतली अक्षरे गिरवीत. धूर डोळ्यांत जाई, भाषा काळजात जाई.

ह्या खोऱ्यात निम्मी माणसे जोन्स. आडनावाने हाक मारली तर कुणाला काय कळणार, कपाळ? म्हणून इथे माणसाला घराचे नाव लागते. ह्या घरात सून म्हणून आलेली, इथेच शुभ्रकेशी झालेली एलुनेद जोन्स साऱ्या खोऱ्याची ‘एलुनेद हेंद्रे वेन’ होती.

आज त्या घराचे स्मारक होत होते. भाषेचे स्मारक! घर विकत घेणाऱ्या संस्थेचे साहेब शहरातून आले होते. मखमली पडदा सरकला आणि नव्या पाटीवर अक्षरे झळकली: ‘व्हाइट कॉटेज’. जुने नाव पाहुण्यांच्या जिभेला जड जाते, असे साहेबांनी गोड हसून सांगितले.

जिभेला जड! ज्या भाषेसाठी कोवळ्या तळहातांनी वळ सोसले, तिचे दोन शब्द ह्यांना जड. आणि वर टाळ्यांचीही अपेक्षा!

एलुनेदच्या अंगाची लाही झाली. आपल्या देखत आपलेच नाव पुसले, असे तिला वाटले.

मग चूल पेटवण्याचा मान आला. साहेबांनी पुकारले, “मिसेस जोन्स, पुढे या.”

अंगणातल्या कितीतरी बायका उठल्या. नीलनेत्रा, पिंगटकेशा, काठी टेकणाऱ्या, कडेवर मूल घेतलेल्या. हशा पिकला. साहेब लालबुंद झाले.

“म्हणजे, व्हाइट कॉटेजच्या मिसेस जोन्स.”

हशा विझला. एकेक जोन्सबाई खाली बसली. सर्वांत शेवटी एलुनेद बसली.

साहेब काड्यापेटी घेऊन तिच्यापाशी आले, आर्जवाने वाकले. तिने त्यांच्याकडे शांतपणे पाहिले.

“त्या घरात मी कधी नांदलेच नाही.”

चूल पेटवायला दुसरी कुणी उठली नाही. ऊन ढळले, डोंगर सावळले, दरीतल्या घराघरांतून निळा धूर उठला. फक्त त्या शुभ्र घराचे धुराडे कोरडे होते. रचलेली लाकडे तशीच होती, आणि भाषेच्या स्मारकात चूल गार होती.