वीतभर उंच टांगलेली

मी एक गादी बोलतेय. पण माझ्यावर आजवर कुणी बसलेलं नाही, झोपलेलं तर नाहीच नाही. मी भिंतीवर टांगलेली असते आणि टोचून घेते. एवढंच माझं काम. ऐकायला वाईट वाटतं खरं, पण माझी काही तक्रार नाही. उलट मला बरेच आभार मानायचे आहेत, म्हणून तर तोंड उघडलं.

माझा जन्म खुर्च्या-सोफे मढवायच्या दुकानात झाला. माझी कातडी दातांच्या डॉक्टरांकडच्या बाकावरून उतरवलेली, त्यामुळे घाबरलेल्या माणसांची मला आधीपासूनच सवय. पोटात काथ्या, त्यावर फोमचे तुकडे आणि मधोमध मोटारीतल्या रबरी पायपुसणीचा एक गोल. बाबांनी दाभणाने मला गोल आवळलं आणि आईने मशीनवर काठ घालून दिला. थोडक्यात, चार घरच्या उष्ट्यावर मी वाढले म्हणा ना.

हे सगळं टाचणीसाठी. टाचणी म्हणजे या दोघांची एकुलती एक मुलगी. बारीक, ताठ आणि टोचून बोलणारी, म्हणून आईनेच हे नाव पाडलं. एकदा बाबा एका क्रीडागृहातल्या खुर्च्या मढवायला गेले होते, शाळेला सुट्टी म्हणून हिलाही बरोबर नेलं. बाबा मापं घेत होते तोवर ही तोंडावर जाळीचे मुखवटे लावून एकमेकांना टोचणाऱ्या माणसांकडे बघत बसली. घरी आली ती तलवारबाजीचं खूळ डोक्यात घेऊनच. दुसऱ्या दिवशी मापाची लाकडी पट्टी घेऊन तिने आईच्या पाठीला टोचलं.

"अगं, सोफ्याला टोच, मला कशाला!" आई ओरडली.

त्यानंतर गिऱ्हाइकाच्या सोफ्याला खरंच भोक पडलं, आणि मग बाबांनी मला बनवलं.

टाचणी आता त्या क्रीडागृहातल्या तलवारबाजीच्या क्लबात शिकायला जात होती. तिथल्या मास्तरांनी बाबांना फोनवर सांगितलं होतं, "गादी छातीच्या उंचीवर टांगा." कुणाच्या छातीच्या, ते मास्तरांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. बाबा उंचेपुरे. त्यांनी टेप स्वतःच्या छातीला लावला, खूण केली, खिळा ठोकला आणि मला लटकवून टाकलं. दिवसभर लोकांच्या बसण्याची मापं घेणारा हा माणूस, पण घरचं माप मात्र असं घेतलं.

टाचणी गेली आईवर. वाढली, पण माझ्यापर्यंत काही पुरी पोचली नाही. वाढ पुरी झाल्यावरही मी तिच्या छातीपेक्षा वीतभर वरच राहिले. त्यामुळे ती हात खाली ठेवून टोक वर नेत मला गाठायची. तिच्या खेळात डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठेही टोक लागलं की गुण मिळतो. समोरच्याने हात पुढे केला रे केला, की हिचं टोक खालून जाऊन त्याच्या मनगटाला टोचायचं. समोरचा मुखवट्याच्या आत चकित. मास्तर एकदा दुकानात आले तेव्हा म्हणाले, "हा वार मी शिकवलेला नाही. कुठून उचललान, देव जाणे." मी भिंतीवरून सगळं ऐकत होते, पण मला कोण विचारतंय?

मला तिची एक गोष्ट फार आवडायची. या खेळात सुरुवातीला तलवार उभी धरून समोरच्याला वंदन करतात. खेळ संपला की मुखवटा काढतात, पुन्हा वंदन करतात आणि तलवार नसलेला, रिकामा हात एकमेकांना देतात. टाचणी मलाही रोज वंदन करायची, आधी आणि नंतर. हात काही मिळवायची नाही, कारण मला हातच नाही. पण दुकानात येणारा प्रत्येक सोफा लोक दोनदा दाबून बघायचे, नाक मुरडायचे आणि भावात घासाघीस करायचे. वंदन फक्त मला मिळायचं. सोफ्यांसमोर माझी कॉलर ताठ असायची.

अशी वर्षं गेली. माझ्यावर ठिगळावर ठिगळ चढलं. टाचणीने कॉलेज पुरं केलं आणि तिला पुढे काय शिकायचं ते पक्कं ठरलं. एक काका आपल्या कृत्रिम पायाच्या आतलं अस्तर बदलून घ्यायला दुकानात यायचे. लहानपणापासून तो पाय मांडीवर धरून बसायचं काम टाचणीचं. त्यातून तिला कृत्रिम हातपाय बनवायला शिकायचं वेड लागलं. तिला हवं होतं ते पुढचं शिक्षण घ्यायचं तर परदेशी जाणं भाग होतं. आणि जायचंच, तर जिथे तलवारही चालू राहील तिथेच जायचं, असा तिचा हट्ट. इथे तिच्याशी खेळायला आता एकटे मास्तर उरले होते आणि त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते.

"शिकायला चाललीस की भोसकाभोसकी करायला?" आई मशीन थांबवून विचारायची.

"दोन्ही. एक सुटलं तर दुसरंही धड होणार नाही माझ्याने."

मग परदेशी विद्यापीठांशी बोलणी सुरू झाली. दुपारी शटर अर्धं ओढून घ्यायचे, कापायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवायचा आणि तिघं जण त्याच्यासमोर बसायचे. पलीकडचं बोलणं टाचणी आई-बाबांना आपल्या भाषेत सांगायची, म्हणून मलाही कळायचं.

पहिलं विद्यापीठ फार मोठ्या नावाचं. नाव ऐकूनच आईने पदर सारखा केला. तिथल्या प्रशिक्षकांनी टाचणीच्या खेळाचं चित्रण बघितलं होतं. ते म्हणाले, मुलगी चपळ आहे, पण हा खालून वर जाणारा वार चुकीच्या सवयीतून आलाय. त्याने खांदा उचलला जातो. आधी ती सवय मोडावी लागेल, तोवर स्पर्धा बंद. शिवाय तिच्या अभ्यासक्रमाची प्रात्यक्षिकं संध्याकाळी, आणि सरावही नेमका संध्याकाळीच. ते तुम्ही तुमचं बघा.

लॅपटॉप मिटल्यावर बाबांनी सहज विचारलं, "खांदा का गं उचलतेस?"

"गादी उंच आहे ना बाबा," टाचणी तितक्याच सहज बोलून गेली, आणि मग तिने जीभ चावली.

बाबा उठले. त्यांनी टेप आणला, तिच्या छातीला लावला आणि मग भिंतीला. दोन्ही मापांत वीतभर अंतर होतं.

"तुला माहीत होतं?"

"हो, पण त्यात काय एवढं! मला सवय झाली होती."

"आणि मी लोकांना सांगत फिरतो, माझं माप कधी चुकत नाही म्हणून."

त्या दुपारी बाबा जेवले नाहीत. आईने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ताटच समोर आणून ठेवलं, ते त्यांनी बाजूला सरकवलं. संध्याकाळी त्यांनी मला खाली उतरवलं, वीतभर खाली नवा खिळा ठोकला आणि तिथे टांगलं. माझ्या जुन्या जागी भिंतीवर एक गोल डाग तेवढा राहिला, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण पोरीला उपयोगी पडतोय असं समजायचं, आणि आपल्यामुळेच तिचा खांदा वाकडा झाला म्हणे!

टाचणी सरावाला उभी राहिली. वंदन केलं, पुढे झेपावली, आणि टोक थेट माझ्या डोक्यावरच्या डागात घुसलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चुन्याचे पोपडे माझ्यावर पडायला लागले. शेवटी ती फरशीवर फतकल मारून बसली.

"आई, मला काहीच येत नाही गं," ती म्हणाली. "जे येत होतं तेच चुकीचं निघालं."

आईने मशीन थांबवलं. तिने टाचणीच्या शेजारी फरशीवर बसकण मारली.

दुसरं विद्यापीठ नुसतं चकचकीत. तिथले प्रशिक्षक हसरे आणि बोलायला मिठ्ठास. तुझा खेळ उत्तम, तुझा वार उत्तम, काही बदलायला नको, आमच्याकडे तू पहिल्या दिवसापासून सगळ्यांत पुढे असशील! टाचणीचा चेहरा पहिल्यांदाच जरा उजळला.

"त्यांना विचार, रोज खेळायला समोर कोण असतं," आई म्हणाली.

टाचणीने विचारलं. हौशी मंडळी असतात, सुट्टीच्या दिवशी येतात, असं उत्तर आलं.

"म्हणजे तू सगळ्यांना हरवणार?"

"हो!"

"मग शिकणार कुणाकडून?" आईने दोरा तोडला आणि मशीन सुरू केलं.

टाचणी रागावून आत निघून गेली. पण मी बघितलं, तिने त्या विद्यापीठाला होकार काही कळवला नाही.

उत्तर द्यायची मुदत जवळ आली होती. आईचा ओढा मोठ्या नावाकडे, टाचणीचं काही ठरेना, आणि बाबा तर मत द्यायलाच तयार नव्हते. विचारलं की एवढंच म्हणायचे, "माझ्या मापावर आता कुणी जाऊ नका."

तिसरं ठिकाण म्हणजे एक लहानसं गाव, कुणी नावही न ऐकलेलं. प्रशिक्षक बाई होत्या. आवाज घोगरा आणि स्वेटरचं कोपर उसवलेलं. आईचा हात नकळत सुईकडे गेला. बाईंच्या मागे खेळाडूंची धावपळ चालली होती, पात्यावर पातं खणखणत होतं. त्यांनी तलवारीचं नावच काढलं नाही. आधी अभ्यासाचं काढलं. प्रात्यक्षिकं सकाळी असतात, म्हणजे सराव बुडणार नाही, ही चौकशी त्यांनी स्वतःच करून ठेवली होती. मग म्हणाल्या, "घरी सराव कशावर करतेस? दाखव बघू."

टाचणीने लॅपटॉप उचलला आणि माझ्यासमोर धरला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला बघायला मागितलं होतं. माझी ठिगळं, सुटलेले टाके, अंगावर पडलेला चुना, सगळं उघड्यावर. आवरायलाही वेळ मिळाला नाही.

"आणि वर तो गोल डाग कसला?" बाईंनी विचारलं.

टाचणीने बाबांकडे बघितलं. बाबा फोमच्या गुंडाळ्यांमागे सरकले. मग तिने सगळं सांगितलं. मास्तरांचा फोन, टेप, बाबांची छाती, तो खिळा. ऐकता ऐकता बाई इतक्या मोठ्यांदा हसल्या, की त्यांच्या मागचे खेळाडू थांबून बघायला लागले. बाईंनी त्यांनाही जवळ बोलावून डाग दाखवला. सगळे माझ्याकडे बघत होते. बाबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

हसू ओसरल्यावर बाई काहीतरी हळू बोलल्या. टाचणीने लॅपटॉप आधी टेबलावर परत ठेवला.

"काय म्हणाल्या गं?" आई म्हणाली. "सांग की!"

"म्हणाल्या, मनगटाखालचा वार मुलांच्या हातात बसवायला मला वर्षं लागतात. तुझ्या वडिलांनी एका खिळ्यात बसवला." टाचणीने बाबांकडे वळून बघितलं. "पण म्हणाल्या, तुझ्याकडे तेवढाच एक वार आहे. खांदाही उचलतेस, ते खरंय. आमची ही मंडळी आठवड्याभरात तुझा तो वार ओळखतील आणि पहिलं वर्षभर बदडून काढतील. हरायची तयारी असेल तर ये. आणि गादी परत वर टांग, खाली दुसरी एक लाव."

बाबा गुंडाळ्यांमागून बाहेर आले. लॅपटॉपसमोर उभे राहिले. त्यांनी हात जोडले. पलीकडे बाईंनीही जोडले, जरा वेडेवाकडे.

"त्यांना एक विचार," आई म्हणाली. मला वाटलं, आता नाव लहान असल्याचं काढणार. "तिथून शिकलेल्यांना काम मिळतं का, ते विचार."

बाईंनी मागच्या घोळक्यातल्या एका खेळाडूला पुढे ओढलं. तो तिथेच शिकला होता आणि आता दिवसा कृत्रिम हात बनवायचा. त्याने आईला आपलं काम समजावून सांगितलं आणि आईनेही त्याला अस्तराच्या शिवणीवरून चार प्रश्न विचारले. टाचणी दोघांच्या मध्ये भाषांतर करून दमली. आईचा जीव भांड्यात पडला तो तेव्हा.

"लोकांनी विचारलं तर गावाचं नाव काय सांगायचं, ते मात्र शिकव मला," ती टाचणीला म्हणाली. "जिभेवर काही बसत नाही."

मी माझ्या जुन्या जागी परत गेले. बाबांनी खिळा त्याच भोकात ठोकला. माझ्याखाली एक धाकटी आली, योग्य मापाची, नवीकोरी. जरा शिष्ट आहे, पण रुळेल. टाचणीला बरोबर न्यायला बाबांनी आणखी एक पातळ गादी शिवली, आणि तिला मधोमध लावायला माझ्या पाठीचं थोडं चामडं कापून घेतलं. दातांच्या डॉक्टरांचा बाक आता परदेशी पोचला म्हणायचा.

निघायच्या दिवशी सकाळी दुकानात सामान भरायची नुसती घाई उडाली होती. तलवारी पिशवीत बांधलेल्या. बाहेर गाडीवाला भोंगा वाजवत होता. आई डोळे पुसत टाचणीला ओरडत होती आणि बाबा पिशव्यांच्या पट्ट्या पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. टाचणी दारापर्यंत गेली आणि परत फिरली. माझ्यासमोर उभी राहिली. हातात काही नव्हतं, तरी उजवी मूठ उभी धरून तिने मला वंदन केलं. मग डावा हात वर केला आणि तळवा माझ्यावर टेकवला. इतकी वर्षं तिचं टोक अंगावर घेतलं होतं, हात पहिल्यांदाच लागला. गरम होता. बाबा दारातून बघत होते. मग भोंगा पुन्हा वाजला आणि ती गेली.

आता टाचणी सुट्टीच्या दिवशी फोन करते. पहिल्या फोनमध्ये सांगितलं, सगळ्यांकडून हरले. सांगताना हसत होती. परवा म्हणाली, बाईंनाच मनगटाखाली टोचलं! बाबांनी ते त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, सोफा दाखवायच्या आधी.

मला आता कुणी टोचत नाही. चामडं कडक व्हायला लागलंय, काथ्या खाली बसतोय. पण बाबा सकाळी शटर उघडलं की आधी माझ्याकडे येतात. किल्ली उजव्या हातात ठेवतात आणि डावा तळवा माझ्यावर टेकवतात, तिने टेकवला होता अगदी तिथेच. त्यांना वाटतं, आईचं लक्ष नसतं. आईचं लक्ष असतं, पण ती मशीनवर मान घालून बसते.

ज्याने मला चुकीच्या जागी टांगलं, त्याची मी ऋणी आहे. जिने मला न कंटाळता टोचलं तिची, आणि जिने लांबून तो डाग बघितला तिचीही. तुम्ही कधी दुकानात आलात तर मला सोफ्यासारखं दाबून बघू नका. भेटायचंच असेल तर डावा हात पुढे करा. तो रिकामा असतो.