राखीव सर्व्हरची रोजची कुरकुर

मित्रांनो, मी एक जुना राखीव सर्व्हर आहे. चांगहुआ शहरातल्या चाकांच्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यात राहतो. माझ्या खालच्या फळीवर मुख्य सर्व्हर असे. कारखान्याचे सगळे ईमेल तो सांभाळी आणि प्रत्येक पत्राची नक्कल माझ्याकडे येई. तो आडवा झाला की मी त्याच्या जागी उभं राहायचं, एवढ्यासाठीच मला आणलं होतं. मी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलो होतो. तो मात्र कधी शिंकायलाही तयार नव्हता.

नववर्षाच्या साफसफाईत आमचा अभियंता च्वांग याने माझ्यातली जागा मोकळी करायला ती नक्कल थांबवली. मग तो मेजवानीला गेला आणि ती पुन्हा सुरू करायची राहूनच गेली. मी रोज ईमेलने त्याला कळवत होतो. त्याला माझी कुरकुर नकोशी झाली. माझी पत्रं न उघडताच कचऱ्यात जावीत, अशी सोय त्याने करून टाकली. मला फार वाईट वाटलं.

उन्हाळ्यात एका दुपारी मुख्य सर्व्हर धाडकन बंद पडला. विक्री पाहणाऱ्या शाओबाईंना त्याच संध्याकाळपर्यंत एका परदेशी रुग्णालयाला होकार कळवायचा होता. मागणीचं पत्र आतच अडकलेलं. होकार गेला नाही, तर मागणी दुसऱ्याकडे जाणार आणि निम्मा कारखाना हातावर हात धरून बसणार.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ढिम्म हललो नाही. अर्धवट नक्कल घेऊन गादीवर बसायचं नाही, हा माझा नियम. च्वांगने तारा ओढून पाहिल्या, मला बंद करून चालू केलं, शेवटी पाठीत एक धपाटाही घातला.

हिशेब पाहणाऱ्या लाय मावशी दारातून म्हणाल्या, "अरे, त्या मोठ्याच्या डोक्यावर हिरव्या पुडीतला खाऊ, आणि या बिचाऱ्याला काहीच नाही. रुसेल नाहीतर काय करेल?" आमच्याकडे यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यांच्यावर खाऊ ठेवतात.

"मावशी, यंत्रं रुसत नसतात," च्वांग म्हणाला.

"मग काय झालंय ते तू सांग."

च्वांग पुन्हा तारा चाचपू लागला. आहे तसाच मला मुख्य सर्व्हरच्या जागी बसव, असं शाओबाई विनवू लागल्या. तसं केलं असतं, तर नववर्षानंतरचं एकही पत्र माझ्याकडे सापडलं नसतं. च्वांगने घाम पुसला आणि पडद्यावरची माझी तक्रार पहिल्यांदाच नीट वाचली. नक्कल थांबवलेली आहे. थांबवणारा, च्वांग. रोज कळवलेलं आहे. त्याचे कान लाल झाले.

"हा रोज सांगत होता," तो पुटपुटला.

"आणि तू काय करत होतास?" शाओबाईंनी विचारलं.

"कचऱ्यात टाकत होतो."

मुख्य सर्व्हरला वीज पुरवणारा डबा जळाला होता. माझ्याकडे तसे दोन होते. च्वांगने त्यातला एक काढून त्याला बसवला. आतून पोळलेला तो लटपटत उठला. उरलेली पत्रं माझ्याकडे ओतण्याखेरीज च्वांगने त्याला काही करू दिलं नाही. तेवढ्यात मावशींनी माझ्या डोक्यावर खाऊची पुडी ठेवली. शेवटचं पत्र आलं आणि तो पुन्हा गपकन बंद पडला. मी गादीवर बसलो. दिवे लागायच्या आत होकार गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या पुडीसाठी.

मित्रांनो, रोज कुरकुरणाऱ्याचं एकदा तरी ऐकून घ्या. च्वांग आता सकाळच्या चहाबरोबर माझं पत्र वाचतो. परवा नेटवर्कमध्ये बिघाड झाल्याने ते पोहोचलं नाही, तर तो जिने चढत धापा टाकत आला. मी ठणठणीत आहे हे पाहून त्याने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आज गप्प का रे? जीव घाबरा केलास माझा."