नऊ नंबरच्या कॉटवरचा हात

चोर जयमाला सिस्टरच, याबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नव्हती.

साल शहाऐंशी, बेलापूरचं आमचं छोटं हॉस्पिटल. नऊ नंबरच्या कॉटवर दिवाळे गावची कमळी होती, कोळ्याची पोर, बाळंतपणानंतर तापानं फणफणलेली. तिचं औषध कमी पडलं तर ताप जीव घेणार, जास्त झालं तर कान जाणार. म्हणून दर तीन दिवसांनी, इंजेक्शननंतर तासाभरानं, मी तिचं रक्त घ्यायचं आणि त्यात औषध किती ते लॅबमध्ये मोजायचं.

पहिल्या खेपेला शून्य. डॉक्टरांनी डोस वाढवला. दुसऱ्या खेपेला परत शून्य! डोस आणखी वाढला. अहो, औषध दिलं तर रक्तात काहीतरी नको का दिसायला? म्हणजे सिस्टर इंजेक्शनं परस्पर बाहेर पाठवत होती. वर मलाच म्हणते, "तुमचं मशीन बिघडलंय." चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

तिसऱ्या खेपेला मी इंजेक्शनच्या वेळीच जाऊन उभा राहिलो, रंगेहाथ पकडायला. सिस्टरनं माझ्या डोळ्यांदेखत सगळं औषध कमळीच्या हातात टोचलं. मग तो हात नीट बघितला. काडीसारखा, कोरा. मी दोनदा ज्या हातातून रक्त काढलं, त्यावर तर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं!

शेजारी कमळीची आई गंगू बाळाला घेऊन बसली होती. तिनं आपला गोंदलेला हात पटकन पदराखाली घेतला.

"तू झोपायचीस कॉटवर?" मी ओरडलोच. "आणि ही?"

"खाली चटईवं, पांघरून घेऊन. रागवू नको दादा. तिच्या आंगान रगत हाय कुटं? मायलेकींचं रगत येकच ना? म्हून माजं दिलं."

सिस्टरवर संशय घेतला, पण पांघरुणाबाहेरचा हात धरताना मी एकदाही तोंड बघितलं नव्हतं. स्वतःचीच चीड आली.

तासाभरानं कमळीचं खरं रक्त घेतलं. औषध हवं त्याच्या तिप्पट निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शन तिथंच बंद केलं. ते सांगायला मी वॉर्डात धावलो.

ताप उतरला होता. कमळी खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिच्या पाठीमागे गंगूच्या मांडीवर बाळानं टाहो फोडला होता.

"कमळे, पोराला घे गो," गंगू म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग ओरडली.

कमळी खिडकीबाहेरच बघत राहिली.