पलीकडच्या काठावरची नामावळी

कोर्तेमुराला जायचं तर पॉपलरच्या बनापाशी उजवीकडं वळायचं, हे एर्मेते गोर्लानीला स्वतःच्या नावाइतकं पाठ होतं. पण बन जागेवर नव्हतं. तिथं वीतभर उंचीचा मका उभा होता, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरांसारखा ओळीत आणि बावरलेला. समोर खडीचे चार पांढरे रस्ते चार दिशांना गेले होते. चारही सरळ, चारही रिकामे. कुठं चढ नाही, उतार नाही. अशा सपाट मुलखात माणूस हरवतो तो भर उजेडात, सगळ्यांना दिसेल असा हरवतो.

त्यानं एक पाय जमिनीला टेकवला. सायकल जाड टायरांची, खडीमातीसाठीच घडवलेली; तोरिनोच्या कारखान्यातून निवृत्त झाला तेव्हा त्यानं स्वतःच स्वतःला दिलेली भेट. तिच्यावरून तीन वर्षांत तो कुठं कुठं हिंडला होता. आणि आज जन्मगावाच्या वेशीशी येऊन त्याला वेस सापडत नव्हती.

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. आठ वाजता कालव्याकाठच्या मारियाच्या देवळीपासून शेतांची फेरी निघायची होती. दर मे महिन्यात निघते: पुढं क्रूस, मागं पाद्री, त्यामागं गाव. गाणारा एकेका संताचं नाव घेतो, लोक ‘आमच्यासाठी विनव’ म्हणून ते झेलतात, आणि पाद्री चारी दिशांच्या पिकांवर पाणी शिंपडतो. पन्नास वर्षं ही नामावळी इल्दो फेर्रागुती गात आला. या हिवाळ्यात त्याच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. म्हातारा वाचला, आवाज गेला.

नवीन पाद्री फादर चेल्सो माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या गळ्यात पाच गावं होती. तो स्पष्टच म्हणाला होता, “गाणारा असेल तर चालू. नसेल तर यंदापासून चर्चच्या दारातूनच आशीर्वाद देतो. नुसतं वाचत शेतं तुडवण्यात काय अर्थ आहे?”

इल्दोनं वहीत लिहून लेकीला, नोरीनाला, फोन करायला लावला होता: ‘एर्मेतेला बोलाव. लहानपणी माझ्या कोपराला कोपर लावून शिकलाय.’ नोरीना क्रेमोनाच्या स्टेशनापर्यंत गाडी घेऊन यायला तयार होती. पण एर्मेते म्हणाला, “अगं, त्या रस्त्यानं मी डोळे मिटून येईन.” माणूस असं म्हणतो ना, तेव्हा वरचा ऐकत असतो.

खिशातल्या फोनचा नकाशा त्यानं मोठ्या अनिच्छेनं उघडला. नकाशानं त्याला सरळ पुढं पाठवलं, एका गावाच्या विटांच्या वेशीतून आत नेलं, किल्ल्याला वळसा घालायला लावला, चौकातल्या कमानींखालून काढलं आणि त्याच वेशीतून बाहेर सोडलं. शेतात आल्यावर निळा ठिपका कालव्याच्या पाण्यात जाऊन उभा राहिला. एर्मेते मागं फिरला, दुसऱ्या गावात शिरला. तशीच वेस, तसाच किल्ला, तशाच कमानी. कमानीखाली बारच्या दारात एक म्हातारी झाडत होती. तिनं झाडू थांबवला.

“आला का परत?”

तेव्हा त्याला कळलं की गाव दुसरं नव्हतंच.

“काकू, कोर्तेमुराला कसं जायचं?”

“या असल्या चड्डीत?” म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “कुणी लुटलं की काय तुला?”

“सायकलीचे कपडे आहेत, काकू. मला फेरीत गायचंय. आठ वाजता.”

“देवासमोर मांड्या दाखवत गाणार? जा बाबा. सोपं आहे. सरळ जा, बेत्तोनीचा गोठा आला की डावीकडं.”

“गोठा कसा ओळखायचा?”

“तो जळला. मी लग्न होऊन आले त्या वर्षी.”

“मग?”

“मग अक्रोडाचं झाड होतं तिथून कालव्याच्या अंगाला.”

“होतं?”

“वीज पडली ना त्याच्यावर. सगळ्यांना माहीत आहे.”

“काकू, जे नाही त्याच्यापाशी मी वळू कसा?”

“आम्ही नाही का वळत?” म्हातारी पुन्हा झाडायला लागली. “आणि पॉपलरचं बन दिसलं की समज, आलास.”

तेवढ्या एका शब्दावर त्याचा जीव भांड्यात पडला. बन म्हणजे आहे तर! तो पेडल मारत सुटला. फोन वाजला, नोरीना होती.

“कुठं आहेस?”

“समोर घंटेचा मनोरा दिसतोय.”

“कसा आहे?”

“विटांचा.”

“अरे, सगळे विटांचेच आहेत! कितवा?”

“मला तीन दिसतायत.”

“बाबा लिहून विचारतायत, मधल्याचं टोक वाकडं आहे का?”

एर्मेतेनं मान वाकडी करून पाहिलं. मान वाकडी केल्यावर तिन्ही मनोरे वाकडे दिसले. “असेल,” तो म्हणाला. नोरीना पलीकडं कुणाला तरी “असेल म्हणतोय” असं सांगताना ऐकू आली आणि फोन कटला.

मग ते बन दिसलं. उंच, सरळ, कवायतीसारखं ओळीत. कुठूनही पाहा, झाडांमधून लांब गल्ली दिसणार. तेच ते, लहानपणीचं. त्यानं आनंदानं सायकल आत घातली. बनातून झाडांच्या बियांचा पांढरा कापूस उडत होता. नाकात, पापण्यांवर, घशात. शिंका देत, डोळे पुसत तो अर्धा किलोमीटर गेला. मध्येच थोडं खटकलं, की लहानपणी सूर्य डाव्या खांद्यावर असायचा आणि आता उजव्या गालावर आहे. पण सूर्यही या मुलखात जागा बदलत असेल अशी मनाची समजूत घालून तो पुढं गेला.

आणि बनाच्या टोकाला कालवा आला.

कालव्याच्या पलीकडं मारियाची देवळी होती. देवळीपाशी तीसेक माणसं, क्रूस, पांढऱ्या झग्यातला फादर चेल्सो आणि चाकांच्या खुर्चीत, मे महिन्यात गळ्याला लोकरी मफलर बांधून, इल्दो. सगळे दिसत होते. फक्त मध्ये बारा हात रुंद, माणूसभर खोल पाणी होतं.

पॉपलर म्हणजे काही वड-पिंपळ नव्हेत. बारा वर्षांत वाढतात, तोडतात, प्लायवूड करतात, मग मालक दुसऱ्या तुकड्यात नवे लावतो. हे एर्मेतेला जन्मापासून माहीत होतं; पण तीस वर्षं दूर राहिलेल्या माणसाच्या मनातलं बन कुणी तोडत नाही. ज्याच्यात तो शिरला ते नवं होतं आणि कालव्याच्या अलीकडं, शेजारच्या व्हिल्लासेक्का गावाच्या बाजूला होतं.

“तिकडं कसा गेलास रे?” नोरीना ओरडली.

“मला काय माहीत! पूल कुठाय?”

“कालव्याच्या झडपेपाशी! चार किलोमीटर!”

फादर चेल्सोनं घड्याळ पाहिलं. “साडेनऊला मला पुढच्या गावात मिसेची प्रार्थना आहे,” तो म्हणाला. पाण्यावरून शब्द न् शब्द ऐकू येत होता. “थांबता येणार नाही. मी वाचतो.”

त्यानं पुस्तक उघडलं आणि पहिली नावं वाचली. लोकांनी उत्तर दिलं, पण ते पुटपुटणं होतं; वाचलेल्या नावाला सूर लागत नाही, मग झेलणाऱ्यानं झेलावं तरी काय? तीन नावं झाली. फादर थांबला, पुस्तकात बोट घालून लोकांकडं पाहू लागला. आता तो पुस्तक मिटणार, हे एर्मेतेला काठावरून कळलं.

त्यानं घसा खाकरला. कापूस निघेना. आणि निघाला तरी गाणार काय? इल्दोचा शिरस्ता त्याला आठवत होता: पाय ज्या मातीवर, त्या मातीचा संत पहिला, त्याला ओलांडून दुसऱ्याचं नाव घेतलं तर माती रुसते. फेरी कोर्तेमुराची. तिथला संत सिरो. पण पाय व्हिल्लासेक्काच्या मातीवर, तिथला संत ब्याजो. आणि या दोन गावांत पाण्याच्या पाळीवरून तीन पिढ्यांचं वैर. ब्याजोचं नाव कोर्तेमुरात कुणी शिंकतानाही घेत नसे. सिरो की ब्याजो? त्याचं डोकं त्या चार रस्त्यांसारखंच झालं, सगळ्या बाजू सारख्याच.

त्यानं इल्दोकडं पाहिलं. इल्दोनं मफलरमधून हात बाहेर काढला आणि बोट खाली केलं. एर्मेतेच्या पायांकडं.

“संत ब्याजो…” एर्मेते गायला. आवाज पहिल्यांदा फाटला, मग सावरला, पाण्यावरून पलीकडं गेला.

पलीकडं तीस तोंडं बंद.

“आपल्या फेरीत त्यांचा संत?” कुणीतरी म्हणालं. “तिकडंच गेलाय म्हणून तिकडचाच झाला का हा?”

“गळ्याचा रक्षक आहे तो,” नोरीना फणकारली. “माझ्या बापाच्या ऑपरेशनच्या दिवशी कुणाला नवस बोललात? सिरोला?”

एर्मेतेनं पुन्हा नाव घेतलं, या वेळी सावकाश, शेवटचा स्वर इल्दो लांबवायचा तसा लांबवत. इल्दोचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण पन्नास वर्षं ज्या ओठांकडं पाहून गाव गात आलं ते ओठ हलताना पाहून कुणाचं तोंड बंद राहणार? आधी नोरीना, मग क्रूस धरणारा, मग सगळे: “आमच्यासाठी विनव.” फादर चेल्सोनं बोट काढलं आणि पुस्तक मिटलं. वाचायची गरज उरली नव्हती.

मग फेरी निघाली. त्या काठानं गाव, या काठानं एर्मेते, एका हातानं सायकल ढकलत. नाव इकडून जायचं, उत्तर तिकडून यायचं. चौथ्या संतानंतर आपण कुठल्या गावासाठी गातोय याचा त्याला पत्ता लागेना. फादर आपल्या काठच्या गव्हावर पाणी शिंपडी. त्याचे थेंब वाऱ्यानं उडून कालव्यात पडत, एखादा एर्मेतेच्या तोंडावरही येई, आणि तो विचार करी: हे व्हिल्लासेक्काच्या खात्यात की आपल्या?

झडपेपाशी दोन्ही काठ जवळ आले. फादर चेल्सोनं घाम पुसला.

“मला व्हिल्लासेक्काच्या पाद्रीला फोन करावा लागेल,” तो म्हणाला. “पण सांगू काय? चुकून तुमची शेतं पवित्र झाली?” त्यानं पुन्हा घड्याळ पाहिलं. “पुढच्या वर्षी साडेसातला निघू. दोन काठ धरायचे म्हणजे वेळ लागणार.”

इल्दोनं डोळे मिटले. नोरीनानं त्याचा मफलर उगीचच पुन्हा बांधला.

तेवढ्यात एर्मेतेच्या मागं ट्रॅक्टर थांबला. त्यावरून एक अनोळखी माणूस उतरला, टोपी हातात घेतली आणि ती चुरगाळत म्हणाला, “कधीचा मागनं येतोय मी. गव्हासाठी गायलात ते ऐकलं. माझी खरबुजं रस्त्याच्या पलीकडं आहेत. तिकडं येणार का? गेल्या वर्षी गारांनी एक फळ ठेवलं नाही.”

एर्मेतेनं पूल पाहिला. पलीकडं त्याचं गाव होतं, न्याहारी होती, इल्दो होता. त्यानं फादरकडं पाहिलं.

“माझ्याकडं काय पाहतोस?” फादर झडपेच्या पुलावर चढत म्हणाला. “दहा मिनिटं आहेत अजून. चला सगळे.”

कोर्तेमुराची माणसं कुरकुरत, एकमेकांना ढकलत, इल्दोची खुर्ची चौघांनी उचलून, व्हिल्लासेक्काच्या काठावर उतरली. एर्मेतेनं सायकल खरबुजांच्या वाटेला वळवली. ही वाट कुठं जाते, ते शेत कुठल्या वाडीचं, तिथली माती कुठल्या संताची, यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं.

“दादा,” त्यानं त्या माणसाला विचारलं, “तुमच्याकडं आधी नाव कुणाचं घ्यायचं?”