कुशीत दार असलेली होडी

मी एक होडी बोलते आहे. किनारा दिसेनासा होईल इतक्या दूर जाऊन मासे आणणारी, आणि दिवस मावळायच्या आत ट्रेलरवर चढून घरी परतणारी. मोठ्या बोटींना बंदरात जागा असते. आमच्यासारख्यांना अंगण पुरते. गाडीच्या मागे जोडलेल्या दोन चाकांवर बसून आम्ही गल्लीतून निघतो, वळणावर कोणाची तरी कुंडी पाडतो, बोलणी खातो आणि समुद्राला लागतो. हे आधीच सांगते, कारण माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना पाण्यात घडलेली नाही. ती ट्रेलरवर, कोरड्या खडीत घडली.

माझा जन्म एका शेडमध्ये, साच्यात झाला. फायबरचा थर, त्यावर उग्र वासाचे रसायन, पुन्हा थर. साच्यातून निघाले तेव्हा मी अखंड होते. त्या अखंडपणाचा अभिमान वाटायला लागतो न लागतो तोच एका कारागिराने माझ्या उजव्या कुशीवर खडूने चौकोन आखला आणि करवत लावली. तिथे त्याने एक दार बसवले. वर काठापर्यंत, खाली जवळजवळ पाण्यापर्यंत पोचणारे. दोन बिजागऱ्या, एक जाड कडी, कडेने रबराची पट्टी. जड मासा काठावरून उचलण्याऐवजी सरळ आत ओढता यावा, एवढाच त्यामागचा हेतू. शेडमधले लोक हसले. होडीला दार केलेच आहे तर आता पडदेही लावा, असे कोणीतरी म्हणाले. कारागिराने कडी पुन्हा पुन्हा उघडून-लावून पाहिली आणि तो डबा खायला गेला.

माझा पहिला मालक हौशी होता. त्याने मला दोनदा समुद्रावर नेले आणि दोन्ही वेळा त्याला उलट्या झाल्या. त्यानंतर माझ्यात मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे डबे राहू लागले. पाहुणे आले की मात्र तो माझ्या काठावरून हात फिरवत लाटांच्या गोष्टी सांगे. माणसांना काही वस्तू वापरायला लागतात आणि काही फक्त सांगायला, हे मी तिथे शिकले. शेवटी जागा अडते म्हणून त्याने मला विकले, आणि मी होड्या विकणाऱ्याच्या आवारात येऊन उभी राहिले.

तिथे माझ्या शेजारी दुसरी एक होडी होती. तिला मी मनातल्या मनात शेजारीण म्हणत असे. लांबीला आम्ही सारख्या, ओढून न्यायलाही सारख्याच. पण तिचे काठ उभ्या माणसाच्या कमरेला लागत आणि माझे जेमतेम मांडीला. विक्रेता गिऱ्हाइकाला आधी तिच्यात चढवी आणि म्हणे, "इथं उभे राहा साहेब. पडायचं म्हटलं तरी पडता येणार नाही." खोटे कशाला बोलू, लाटा कापण्यात ती माझ्याहून सरस होती. माझ्यात पाणी उडते. उलट्या वाऱ्यात तर चिंब भिजवल्याशिवाय मी कोणाला घरी आणत नाही.

अशात एक नवरा-बायको आले. दोघेही मध्यम वयाचे. नवरा जुना मासेमार होता. त्याच्या मुठीत एक रबरी चेंडू होता आणि तो चेंडू तो अखंड दाबत होता. विक्रेत्याशी बोलताना, इंजिन पाहताना, गप्प उभा असतानाही. नवरा शेजारणीच्या मागच्या भागात वाकला तेव्हा बायकोने विक्रेत्याला हळू आवाजात सगळे सांगितले. मी लागूनच होते; मला ऐकू आले.

आदल्या वर्षी नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ आपल्या जुन्या, उंच काठांच्या होडीतून गेले होते. वादळ नव्हते, समुद्र शांत होता. गळाला लागलेल्या माशाच्या मागे वाकताना धाकटा तोल जाऊन पडला, पडताना डोके काठावर आपटले, आणि त्याच्या अंगात स्वतः वर चढण्याचे त्राण उरले नाही. थोरल्याने त्याची दोन्ही मनगटे धरली. धरून ठेवली. काठावरून त्याला आत घेणे काही केल्या जमेना, आणि शेवटी हात उघडले. सांत्वनाला आलेल्या प्रत्येकाला थोरल्याने एकच वाक्य सांगितले, "मी त्याचा हात सोडला." तेव्हापासून तो समुद्रावर गेला नव्हता आणि तेव्हापासून तो चेंडू त्याच्या मुठीत होता. घर मासळीवर चालणारे. आता पुन्हा जायचे ठरले होते, आणि भाऊजींच्या जागी ती जाणार होती.

"त्यांना वाटतं, हातात जोर कमी पडला," ती म्हणाली. "अशा मनानं गेले तर हा माणूस मला तिकडून परत मिळायचा नाही."

विक्रेता चपापला, आणि सवयीने पुन्हा शेजारणीकडे वळून तिचे काठ किती सुरक्षित आहेत ते सांगू लागला. नवऱ्याचे मनही तिच्यावरच बसले होते. इतक्या उंच काठांतून कोणी पडणार नाही, असे तो शेजारणीत उभा राहून म्हणाला.

"भाऊजीही उंच काठांतूनच पडले," बायको म्हणाली.

मग तिने जे केले ते कोणत्याही गिऱ्हाइकाला करताना मी पाहिलेले नव्हते. लोक होडी पाहतात ती आतून, नाहीतर दुरून. ही आमच्या दोघींच्या पोटाशी आली, वाकली आणि फायबरवरची पाण्याची रेषा शोधू लागली. होडी तरंगते तेव्हा पाणी जिथवर येते तिथे एक पुसट पट्टा उमटतो. तो तिने बोटाने शोधला. ट्रेलरवर तो पट्टा कमरेच्याही खाली येतो. ती शेजारणीला लागून खडीत गुडघ्यांवर बसली, खांदे बरोबर त्या पट्ट्याशी आणले आणि दोन्ही हात वर केले.

"अहो, मी पाण्यात आहे," ती म्हणाली. "घ्या मला आत."

नवऱ्याला काही कळेना. विक्रेता हसत म्हणाला की बाई, पाण्यात वजन एवढे लागत नाही. पाण्यात असेपर्यंत लागत नाही, तिने उत्तर दिले, बाहेर काढताना सगळेच्या सगळे लागते, वर ओल्या कपड्यांचे आणि बुटांचे.

नवऱ्याने चेंडू खिशात घातला. काठावर पोट टेकून तो खाली वाकला आणि त्याने तिची मनगटे धरली. तिने अंग सैल सोडले. तो ओढू लागला. ती थोडी वर आली आणि अडकली, कारण त्याला पाय रोवायला जागा नव्हती. उंच काठावरून लोंबकळणाऱ्या माणसाला जोर फक्त हातांतून काढावा लागतो. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. मग ती हळूहळू खाली गेली आणि खडीत बसली. त्याने पुन्हा धरले. पुन्हा तेच झाले. तिसऱ्या खेपेला तिचे हात त्याच्या हातांतून निसटले तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की विक्रेत्याने मान खाली घातली.

बायको तिथेच बसून राहिली. वर पाहून म्हणाली, "माझाही हात राहिला नाही तुमच्या हातात. मी काय नकोशी झाले होते तुम्हाला?"

तो उतरला, चालत माझ्याकडे आला आणि माझ्यात चढला. त्याने माझे दार उघडले. ती उठून माझ्या कुशीशी येऊन गुडघ्यांवर बसली, खांदे माझ्या रेषेला लावले. तो माझ्या तळावर पालथा पडला, पायांनी समोरची बाजू अडवली, तिच्या काखांत हात घातले आणि ओढले. धान्याचे पोते घसरावे तशी ती आत आली. ब्लाउजची बाही कडीला अडकून फाटली, केसांत खडी होती. दोघे माझ्या तळावर एकमेकांशेजारी पडून होते. त्याच्या खिशातला चेंडू निसटून मागच्या कोपऱ्यात गेला. त्याने तिचे मनगट मात्र धरूनच ठेवले होते.

"आले ना मी आत," ती म्हणाली. "आता सोडा."

त्याने बराच वेळ सोडले नाही. विक्रेता उगाचच दुसऱ्या एका होडीचे आच्छादन ठीक करत राहिला.

मला त्यांनी घरी नेले. पुढची अनेक वर्षे आम्ही तिघे समुद्रावर गेलो. मी त्यांना मनसोक्त भिजवले. "ही होडी आहे की मोरी?" तो कुरकुरायचा. "मोरीत कोणी बुडत नाही," ती म्हणायची. चेंडू माझ्या कोपऱ्यातल्या जाळीत पडून राहिला. त्याने तो पुन्हा हातात घेतला नाही. आणि कोणी भावाबद्दल विचारले, तर तो आता एवढेच सांगे, "काठ उंच होता."

त्या दोघांनी एक रीत पाडली होती. दर हंगामाच्या सुरुवातीला, मला अंगणातून बाहेर काढण्याआधी, ती माझ्या रेषेशी गुडघ्यांवर बसे आणि तो तिला आत घेई. मग तो बसे आणि ती त्याला घेई. शेजारपाजारचे खिडक्यांतून गंमत बघत. एकदा समोरची बाई ओरडून म्हणाली की काकू, काका कुठे पळून चालले होते, म्हणून एवढे ओढताय? "पळायला गुडघे लागतात गं," काकूंनी उत्तर दिले.

परवाच्या हंगामात ती बसली, त्याने काखांत हात घातले आणि ओढले. ती छातीपर्यंत आली आणि थांबली. पुन्हा केले, तरी तिथेच. शेजारचा गडी मदतीला आला तेव्हा नवऱ्याने त्याला हाताने थांबवले. "समुद्रावर तुम्ही असणार आहात का?" मग अदलाबदल झाली. तिलाही तो ओढवेना. दाराच्या उंबऱ्यावर बसून त्याने दम घेतला.

"झालं आपलं," तो म्हणाला.

"झालं तर झालं," गुडघ्यांची खडी झटकत ती म्हणाली. "दोघंही जमिनीवर आहोत ना?"

त्या दिवशी मला आच्छादन घातले ते आजतागायत. ट्रेलरची चाके बसली आहेत, जाळीतल्या चेंडूला चिरा गेल्या आहेत. कडी मात्र तो महिन्याकाठी तेल घालून फिरवून ठेवतो. आता मला विकायचे ठरले आहे. उद्या एक बहीण-भाऊ यायचे आहेत. मला घ्यावे की दुसऱ्या एका उंच काठांच्या होडीला, हे त्यांचे ठरत नाही म्हणे.

मला माझी भलावण करायची नाही. माझ्यात पाणी उडते, हे त्यांना कळायलाच हवे. एवढीच विनंती आहे. माझ्यात उभे राहून ठरवू नका. तुमच्यापैकी एकाने खाली उतरा, पाण्याची रेषा शोधा, गुडघ्यांवर बसा आणि हात वर करा. दुसऱ्याने मनापासून ओढून पाहा. हसू येईल, येऊ द्या. हीच परीक्षा त्या दुसरीचीही घ्या आणि जी तुमचे माणूस आत घेऊ देईल तीच घरी न्या, मग ती मी नसले तरी चालेल.

आणि माणूस आत आले, तरी त्याचे मनगट लगेच सोडू नका.