काठी आल्याशिवाय

"मावशी, सोडा की आता! समोरून चिटपाखरूसुद्धा येत नाहीये."

"काठी आली की सोडते," मावशी म्हणाली आणि तिने लाल निशाण आणखी ताठ धरलं.

ट्रकवाल्याने कपाळावर हात मारला. त्याच्यामागे गाड्यांचं शेपूट लांबत चाललं होतं आणि शेवटचा कोणीतरी उगाचच हॉर्न बडवत होता.

डोंगरातलं हे वळण रुंद करायचं काम चाललं होतं. अर्धा रस्ता खणलेला, उरलेल्या अर्ध्यावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जाणार. या टोकाला मावशी, त्या टोकाला तिचा नवरा. उंच म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. दोघांच्या मध्ये डोंगराचं नाक आलेलं, त्यामुळे एकमेकांना दिसायचं नाही, आणि फोन तर इथे लागतच नाही. म्हणून ही काठी. आपल्या बाजूच्या शेवटच्या गाडीवाल्याकडे काठी द्यायची. ती पलीकडे पोचली की रस्ता मोकळा झाला असं समजायचं आणि मग तिकडच्याने आपल्या गाड्या सोडायच्या. ज्याच्या हातात काठी नाही त्याने जगबुडी आली तरी गाडी सोडायची नाही. आणि लंबूच्या बाजूला गाडीच नसली, तर तो स्वतः काठी घेऊन नाकावरून चालत यायचा आणि ती मावशीच्या हातात द्यायचा. म्हणजे रस्ता ओस पडला तरच नवराबायकोची गाठ! मावशी म्हणायची, "आमचा संसार गर्दीने खाल्ला."

हा राज्यमार्ग त्या दोघांच्या डोळ्यांदेखत मोठा झाला. गिरणीच्या गावातून निघतो, नदी ओलांडतो, तळ्याला वळसा घालून हा डोंगर चढतो आणि पलीकडे रेल्वे स्टेशनाला जाऊन टेकतो. आधी नुसती गाडीवाट होती. तिच्यावर खडी पडली तेव्हा मावशी डोक्यावर पाटी वाहत होती आणि पाटी उचलून द्यायला लंबू होता. तिथेच जमलं. नदीवर पूल झाला त्या वर्षी मुलगी झाली, पुलाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत. तळ्याकाठी डांबर पडलं, आणि त्याच गुळगुळीत रस्त्याने ती मुलगी लग्न होऊन शहरात गेली ती पाहुणीच झाली. ठेकेदार बदलले, रस्ता रुंद होत गेला, यांची खोली होती तेवढीच राहिली. काम सरकलं की पत्रे उचलायचे आणि मागोमाग जायचं. आता एवढं वळण तेवढं राहिलं होतं.

सकाळी त्यावरूनच वाजलं होतं.

"अगं, आज डावा हात उचलवत नाही. छातीतही कसंतरी होतंय," लंबू म्हणाला होता.

"कुशीवर झोपलात, अवघडला असेल. वळण झालं की थांबायचंच आहे ना?"

"पुलाच्या वेळीही हेच म्हणालीस. तळ्याच्या वेळीही."

"मग बसा घरी माशा मारत! नुसती नाटकं मेली."

त्याने निशाण आणि टोपी घेतली आणि जेवणाचं फडकं तसंच ठेवून चालता झाला. मावशीला त्याचं दुखणं कळत नव्हतं असं नाही. पण हा रस्ता एकदाचा पुरा झालेला तिला बघायचा होता. जन्मात दुसरं काही पुरं झालंच नव्हतं.

दुपारी तिलाच राहवलं नाही. दुधाची गाडी शेवटची होती. तिने काठीला फडकं बांधलं आणि ती गाडीवाल्याच्या हातात दिली. "त्या लंबूला द्या. म्हणावं, गिळा आता."

दूधवाला हसत गेला. तेव्हापासून काठी परत आली नव्हती.

आधी तिला वाटलं, जेवत असतील. जेवू देत निवांत. मग वाटलं, फुगून बसलेत. मुद्दाम मला उन्हात उभं करतायत. बरं, बघू कोण आधी वाकतंय!

"अहो मावशी, निदान नाकापर्यंत जाऊन तरी बघा," ट्रकवाला म्हणाला.

"मी नाही जायची. पाय आहेत ना त्यांना? येतील."

दोन-चार जण हसले. मावशीही हसली. पण सावली सरकून तिच्या पायांवर आली, तरी नाकावर कोणी दिसेना. तिने मान वळवून पाहिलं, पण पाऊल काही उचललं नाही.

शेवटी ट्रकवालाच वैतागून उतरला आणि चालत गेला. नाकाशी पोचला, पलीकडे पाहिलं आणि जागच्या जागी थबकला.

"मावशी! लवकर या!"

निशाण हातातून कुठे पडलं ते तिला कळलं नाही.

लंबू नाकाच्या अगदी पलीकडे पडला होता, खणलेल्या कडेला, कुशीवर. हाक मारली असती तर ऐकू आली असती एवढ्या अंतरावर. तो निघाला होता. काठी घेऊन तिच्याकडेच निघाला होता. ट्रकवाल्याने त्याच्या मानेला हात लावून पाहिला आणि हळूच मागे घेतला.

"अहो," ती म्हणाली. "अहो, उठा ना. मी आले बघा." त्याचा डावा हात तिने चोळला. चोळतच राहिली. "दुखत होता हो यांचा हात. सकाळीच म्हणाले होते. मी म्हटलं, नाटकं."

काठी उजव्या मुठीत घट्ट होती. तिला फडकं पुन्हा बांधलेलं होतं, त्याच्या नेहमीच्या दुहेरी गाठीने. मावशीने ते चाचपलं. आत अर्धं जेवण होतं, तिच्या वाटणीचं.

चौघांनी मिळून लंबूला ट्रकमध्ये निजवलं. ट्रकवाला म्हणाला, स्टेशनजवळ दवाखाना आहे, तिथे नेऊ. कशासाठी ते त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. मागच्या गाड्यांना तिने हातानेच थांबायची खूण केली. काठी मांडीवर घेऊन ती पुढे बसली.

लंबूच्या टोकाला मघा नसलेल्या गाड्या आता येऊन थांबल्या होत्या. रस्त्याकडेच्या पिंपात खोचलेलं त्याचं लाल निशाण बघून सगळे मुकाट उभे होते. त्याची टोपी पिंपावर होती. ट्रक तिथे आपोआप हळू झाला, आणि मावशीचा हात सवयीने खिडकीबाहेर गेला, काठी पुढे करून.

ती घ्यायला कोणी नव्हतं.