पुट्टीचं बाळसं

पुट्टी रडायची थांबली तेव्हा घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं, आणि तिथंच सगळे फसले.

पण त्यांना तरी काय म्हणणार? ते रडणं ज्यानं ऐकलं त्यालाच ठाऊक. पुट्टी ही श्रीदेवीची पहिली लेक. पाळण्यात नाव ठेवलं होतं उत्कर्षा, पण कानडी वळणाच्या घरात सगळे पुट्टीच म्हणायचे, म्हणजे छोटी. तिसऱ्या महिन्यात श्रीदेवीला टायफॉइड झाला, अंगावरचं दूध आटलं, पोर वरच्या दुधावर आली, आणि बघता बघता तिच्या गालांवर, कोपरांच्या वळ्यांत, गुडघ्यांमागं लालभडक चट्टे उठले. त्यांतून पाणी झिरपायचं. खपली धरली की पोर ती ओरबाडायची. हातांना मोजे बांधले तर गाल उशीवर घासायची, आणि किंचाळायची तर अशी की शेजारच्या कमलम्मा उंबऱ्यात येऊन विचारायच्या, "काय ओ, पोरीला काय टोचतंय का बघा की जरा."

पहिल्यांदा कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी मलम दिलं. मलमानं चट्टे बसले. थांबवलं की पुन्हा उठले. श्रीदेवी बी.कॉम. झालेली, मोबाइल सदा हातात. तिनं मलमाचं नाव घालून वाचलं, 'स्टेरॉइड' हा शब्द बघितला. ट्यूब कचऱ्यात गेली. डॉक्टरांना जाऊन विचारावं, भांडावं हवं तर, तेवढंही तिला सुचलं नाही. तिचा नवरा गुरुशांत याचं बाजारात भुसारमालाचं दुकान. तिथं बसल्या बसल्या कुणीतरी सांगितलं की होटगी रोडला एक गोळ्यांचे डॉक्टर आहेत, लई गुण आहे हाताला.

ते डॉक्टर बोलायला गोड होते. "मलमानं रोग आत दाबला जातो ताई," म्हणाले, "आपण तो मुळासकट बाहेर काढू." साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि पथ्य सांगितलं. दूध बंद. गाईचं नको, म्हशीचं नको, डब्यातलं नको. डाळी उष्ण म्हणून बंद, गहू बंद, शेंगदाण्याचं तर नावही काढायचं नाही. मग पोरीनं प्यायचं काय? तर तांदळाचं दूध. तांदूळ भिजवायचा, वाटायचा, फडक्यातून गाळायचा आणि उकळी काढायची. दिसायला अगदी दुधासारखंच पांढरंशुभ्र. पुन्हा दाखवायला आणलं तर बरं, नाहीतर फोटो पाठवला तरी चालेल, असंही म्हणाले.

घरी आल्यावर सासूनं, शिवबाईनं, त्या पातेल्यात डोकावून बघितलं.

"तांदळाचं कुटं दूध असतंय व्हय? धुवण हाय ते."

"अत्ती," श्रीदेवी सासूला म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय."

"सांगू दे की. डाळीच्या दुकानदाराची लेक, आन तिला डाळ न्हाय? उद्या वारं खायाला घाल म्हनतील."

गुरुशांत दोघींच्या मधे. तो आईला म्हणाला, "आई, थोडे दिवस गप बस की." ती बसली, पण ओठ मुडपून.

आणि खोटं कशाला बोला, गुण आला. महिना उलटला तशी पोरीच्या गालांवरची लाली उतरली, पाणी झिरपायचं थांबलं. श्रीदेवी दिवसातून धा वेळा ते गाल बघायची आणि तिला रडू यायचं, आनंदानं. तिनं फोटो पाठवला. डॉक्टरांचं उत्तर आलं, 'उत्तम. चालू ठेवा.' आता सांगा, पोटच्या पोरीच्या जखमा अशा डोळ्यांदेखत बुजल्यावर कुठली आई त्या माणसावर शंका घेईल? श्रीदेवी देव्हाऱ्यापुढं हात जोडताना त्या डॉक्टरांचीही आठवण काढायची.

दिवाळीत मात्र घात झाला. श्रीदेवी अंघोळ करून आली तर शिवबाई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पोरीला मांडीवर घेऊन बसलेली, हातात चमचा, शेजारी वाटीत वरणाचं निवळ पाणी. आणि पोर मिटक्या मारत होती, चमचा लांब गेला की तोंड पुढं करत होती.

श्रीदेवीचं डोकंच फिरलं. त्यात दुसऱ्या दिवशी पोरीच्या हनुवटीखाली लाल पुरळ उठलं. ते वरणानं उठलं की नव्या झबल्याच्या कॉलरनं, कुणाला माहीत! पण श्रीदेवीला पुरावा मिळाला. ती तशीच सासूपुढं गेली. सून सासूशी बोलत नाही अशा आवाजात बोलली. शिवबाई आधी म्हणाली, पुन्हा न्हाय देणार. मग म्हणाली, एक चमचा तर होता. श्रीदेवीला सासू पक्की माहीत होती. शिवबाई गोड खाऊन नाही म्हणायची, गोळी न घेता घेतली म्हणायची, एवढंतेवढं खोटं तिला सहज जमायचं. पण शपथेला ती मरणाची भ्यायची. खोटी शपथ घेतली की ज्याची घेतली त्याचं वाईट होतं, हे तिच्या हाडांत बसलेलं होतं.

श्रीदेवीनं सासूचा हात धरला आणि ओढून पोरीच्या टाळूवर ठेवला.

"घ्या शपथ. पुट्टीच्या तोंडात तुम्ही काहीही घालणार नाही. घ्या."

"यव्वा!" शिवबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "लेकराची शपत नको गं बाई. माजी घे. माजी घेते मी."

"पुट्टीचीच घ्या."

शिवबाईनं घेतली. त्या दिवसापासून तिनं नातीच्या तोंडाशी बोटसुद्धा नेलं नाही. पाळणा हलवायची, लंगोट धुवायची, पण खाण्यापिण्याची वेळ झाली की उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. श्रीदेवीला जिंकल्यासारखं वाटलं. ते वाटणं तिला पुढं जन्मभर डाचणार होतं.

मग पुट्टी गुणी झाली. आधी रात्रीची झोपायला लागली, मग दिवसाही. उठवल्याशिवाय उठेना. भूक म्हणून रडेना, ओली झाली म्हणून रडेना. पाळण्यात पडून छताकडं बघायची. घरात इतकी शांतता झाली की फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. कमलम्मा म्हणाल्या, "कित्ती शहाणी झाली ओ पोरगी." दसऱ्याला ती बसायला शिकली होती, ती आता बसवली की कलंडायची. गुरुशांत म्हणाला, अंगानं जड झालीय, म्हणून. केस विरळ झाले, तांबूस दिसायला लागले. शिवबाई बोलली, "केस असे कसे झाले गं?" तर श्रीदेवी म्हणाली, माझ्या आईचेही उन्हात तांबूस दिसतात. मांडीची कातडी सोलायला लागली, ती लंगोट घासून. प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. आणि सगळ्यांत मोठं उत्तर म्हणजे पोरीचं बाळसं. गाल फुगले, हातापायांना गुबगुबीतपणा आला, पावलं पुरीसारखी टम्म. दसऱ्याला पायांतून निसटून पडणारे चांदीचे वाळे आता रुतायला लागले. अंगणवाडीत वजन केलं तर काटाही वर गेला. श्रीदेवीनं त्या गालांचा फोटो पाठवला. 'उत्तम. चालू ठेवा.'

तरी एखाद्या दुपारी, पातेल्यात तांदळाचं दूध ढवळताना, तिचं मन उगाच कातर व्हायचं. ती मुद्दाम पाळण्यापाशी जाऊन खुळखुळा वाजवायची. पुट्टी बघायची, पण हात उचलायची नाही. श्रीदेवी खुळखुळा ठेवून द्यायची आणि आपल्याच मनाला रागवायची, रडत होती तेव्हा रडते म्हणून रडलीस, आता शांत आहे तर शांत का म्हणून रडतेस?

संक्रांत झाली आणि बोरन्हाण करायचं ठरलं. काळं झबलं शिवलं, हलव्याचे दागिने आणले. मुकुट, हार, हातात बिंदल्या. गल्लीतल्या बाया आणि पोरं जमली. पुट्टीला चौरंगावर बसवलं. बसेना म्हणून श्रीदेवीनं मागून धरलं. "काय बाळसं धरलंय गं!" कुणी म्हणालं, आणि कुणी लगेच दटावलं, "नजर लावू नका बाई." शिवबाईनं काजळाचं बोट नातीच्या गालाला लावलं. लावताना ती क्षणभर थांबली, काहीतरी बोलणार होती, पण बायकांच्या गलबल्यात बोलली नाही.

मग डोक्यावरनं बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा ओतला.

अशा वेळी लेकरं काय करतात ते कुणाला सांगायला नको. दचकतात, भोकाड पसरतात, नाहीतर खिदळून बोरं पकडायला बघतात. जमलेली पोरं तर चौरंगाखाली शिरून लुटालूट करत होती. आणि पुट्टीच्या कपाळावर टपोरं बोर आदळलं तरी तिची पापणी हलली नाही. चुरमुरे तिच्या मांडीत साचले. ती समोर बघत राहिली.

हसू हळूहळू विरलं. एक बाई म्हणाली, "झोप आली असंल." दुसरी म्हणाली, "व्हय, पेंगतीय." कुणीच कुणाकडं बघत नव्हतं.

श्रीदेवीनं तिला उचललं आणि आत नेलं. घाईघाईनं दागिने काढले. मनगटावरची बिंदली सोडली तर दोऱ्याची खूण तशीच राहिली, खोल. तिनं चोळली, जाईना. मग का कोण जाणे, तिनं पुट्टीचं पाऊल हातात घेतलं आणि अंगठ्यानं दाबलं. अंगठा उचलला. खड्डा तसाच. कणकेत बोट रुतल्यावर राहतो तसा.

ती बघत राहिली. खड्डा भरेना.

"अत्ती!" ती ओरडली. "अत्ती, या इकडं!"

शिवबाई आली, तिनं ते पाऊल बघितलं आणि गुरुशांतला हाका मारत बाहेर धावली.

गुरुशांतनं रिक्षा आणली. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी अजून ओसरली नव्हती; रस्त्यावर माणूसच माणूस, पिपाण्या, फुगे, आकाशपाळण्यांचे दिवे. रिक्षा मुंगीच्या पावलानं सरकत होती. एवढ्या कलकलाटात पुट्टी मांडीवर डोळे उघडे ठेवून पडली होती. श्रीदेवी तिला चिमटा काढत होती. होय, चिमटा, स्वतःच्या पोरीला, रड गं बाई रड म्हणून. ती नुसती कण्हायची.

मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाऊल दाबलं, केस बोटांत धरून बघितले, मांडीवरची सोललेली कातडी बघितली. मग विचारलं, "बाळ काय खातं?"

श्रीदेवीनं सगळं सांगितलं. चट्टे, मलम, गोळ्या, पथ्य. सांगता सांगता तिचं तिलाच ऐकू यायला लागलं आणि आवाज बारीक होत गेला.

"दूध बंद केलंत ते एकवेळ ठीक. त्याच्या जागी काय दिलंत?"

"तांदळाचं दूध."

"म्हणजे पेज." डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "हे बाळसं नाही हो. ही सूज आहे. अंगात पाणी भरलंय, त्या पाण्याखाली लेकरू वाळलंय. काट्यावर पाण्याचंच वजन भरलं. इतके महिने घरात कुणी डाळीचं पाणीसुद्धा नाही दिलं?"

शिवबाई भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदर तोंडात कोंबला होता.

पुट्टीला कॉटवर घेतलं, सुई लावली. दूध सोसत नसेल तर त्यासाठी वेगळं दूध मिळतं, ते इथंच देऊ, असं बाईंनी सांगितलं. पण चमच्याचमच्यानं, अगदी हळू, एकदम पोटभर दिलं तर हृदयाला झेपणार नाही. "आजचे आणि उद्याचे दिवस कठीण आहेत," त्या म्हणाल्या. "आणि ऐका, ती रडायला लागली की मला लगेच बोलवा. मोठ्यानं रडली, तर समजा परत यायला लागली."

नर्सनं वाटी-चमचा दिला. श्रीदेवीनं चमचा भरला, पण हात असा कापायला लागला की दूध पुट्टीच्या गळ्यावर सांडलं. दुसऱ्यांदाही सांडलं. तिनं वाटी सासूपुढं केली.

"अत्ती, तुम्ही द्या. तुमच्या हातानं पीत होती ती."

शिवबाईनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"मला शपत हाय."

"अत्ती..."

"लेकराची शपत हाय. वरनाचं पानी रोज दिसत हुतं मला. रोज वाटायचं घालावं. पन मोडली आन तिला काय झालं तर? म्हनून न्हाय मोडली." तिच्या डोळ्यांतून धार लागली होती. "तू घातलीस, तूच सोड. सुटली म्हन आदी."

श्रीदेवीनं सासूचा हात धरला. तोच हात. कॉटवर वाकून तिनं तो पुट्टीच्या टाळूवर ठेवला. खाली विरळ तांबूस केस होते, आणि टाळू गार लागली.

"सुटली," ती म्हणाली. "सुटली अत्ती, सुटली. मी चुकले. द्या तिला."

शिवबाईनं पदरानं हात पुसला आणि चमचा पुट्टीच्या ओठांना लावला. दूध ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलं. तिनं ते टिपलं, पुन्हा लावला. पुन्हा ओघळलं. तिसऱ्या वेळी गळ्यापाशी काहीतरी हललं, गिळलं असेल.

"पुट्टी," शिवबाई म्हणाली, "रड की गं माझे बाई."

शेजारच्या कॉटवरचं पोर रडलं की दोघीही दचकून आपल्या पोरीकडं बघायच्या. ती छताकडं बघत होती.